बारालाचाच्या वाऱ्यांत

थंडी म्हणजे काय, हें पुणेकरानें सांगूं नये. मार्गशीर्षांत पहाटे पर्वती चढतांना आम्ही मफलर गुंडाळतों आणि घरीं परतून आल्याचा चहा घेतों. आमच्या थंडीची मजल तेवढीच! भाच्याच्या आग्रहावरून वयाच्या बावन्नाव्या वर्षीं मनालीहून लेहपर्यंत मोटारसायकलीनें जाईपर्यंत मीहि त्याच भ्रमांत होतों.

सप्टेंबर २०२२ मधली ही गोष्ट. पितृपक्षांत निघूं नये म्हणून आईनें नापसंती दर्शविली. पण पुढें बर्फ पडूं लागतें, तेव्हां थांबणें शक्य नव्हतें. माझा सरंजाम म्हणजे सौभाग्यवतींनीं विणलेला जाड स्वेटर, वर चामड्याचें जाकीट आणि अंगालगत नित्याची सुती बंडी. भाच्यानें बजावलें होतें, "मामा, आंत सूत नको, पातळ लोकर घाला." परंतु जन्मभर जी बंडी अंगाला रुळली ती ऐन प्रवासांत कां टाकावी? मीं त्याचें ऐकलें नाहीं.

पूर्वीं ह्या वाटेवर रोहतांगची ३,९७८ मीटर उंचीची खिंड चढावी लागे. २०२० च्या ऑक्टोबरांत अटल बोगदा सुरू झाला आणि तो त्रास वांचला. बोगद्याच्या ९ किलोमीटर अंधारांतून बाहेर पडतांच देवदारांचें हिरवेंगार रान मागें राहतें आणि लाहौलचा उघडा, कोरडा मुलूख समोर उभा ठाकतो. तांडीपाशीं चंद्रा आणि भागा ह्या नद्यांचा संगम पाहून आम्ही केलांगास मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशीं दारच्याच्या अलीकडे कांहीं गद्दी मेंढपाळ भेटले. अंगांत लोकरीचा घोळदार चोळा आणि कमरेभोंवतीं काळ्या लोकरीच्या दोराचे कित्येक वेढे. मला त्या दोराचें हंसूं आलें. त्या वेढ्यांनीं चोळा अंगाशीं आंवळला जातो आणि खालून वारा आंत शिरत नाहीं, हें तेव्हां सुचलें नाहीं.

दारच्यापासून चढ लागतो. दर हजार मीटर उंचीला उष्णमान सुमारें साडेसहा अंशांनीं उतरतें, आणि बारालाचा खिंड सुमारें ४,८९० मीटर उंच आहे! त्यांत स्वार आपला वारा आपणच उत्पन्न करतो. हवा शून्य अंशावर असतां ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला ती उणें ९ अंशांसारखी लागते.

झिंगझिंगबारच्या पुढें एका ओढ्यांत माझी गाडी अडकली. ती ढकलून बाहेर काढतां काढतां दम लागला आणि बंडी घामानें चिंब झाली. ऊन होतें, त्यामुळें कांहीं वाटलें नाहीं. भागेचें उगमस्थान जो सूरजताल, त्याच्या निळ्या पाण्याकडे पाहत मी जाकीट उघडें टाकून चांगला पाव तास उभा राहिलों!

खिंडीवर मात्र वाऱ्यानें गांठलें. प्रथम हुडहुडी भरली, मग बोटें बधिर झालीं. उतरतांना एका वळणावर ब्रेक दाबूं गेलों, तों बोटें मिटेनात. पायाच्या ब्रेकनें गाडी कशीबशी कड्याच्या आंत राहिली. भाचा धांवत येऊन कांहीं विचारूं लागला. उत्तर मनांत होतें, पण जीभ वळेना. भीति वाटावयास हवी होती. मला केवळ झोंप येत होती. तीच खरी भीतीची खूण, हें मागाहून कळलें.

खिंडीपलीकडे भरतपूर येथें हंगामापुरते तंबू असतात. तेथवर भाच्यानें मला आपल्या मागें बसवून नेलें. त्यानें प्रथम काय केलें असेल, तर ओली बंडी उतरविली. स्वतःची कोरडी लोकरीची बनियन मला घातली, वर स्वेटर, त्यावर वारा न शिरणारा पातळ डगला. तंबूंतल्या बाईंनीं रजया टाकल्या आणि गरम चहा दिला. तासाभरानें बोटांत कळ आली. ती कळ मला गोड वाटली!

ह्यांतलें शास्त्र साधें आहे. ऊब कपड्यांत नसते, त्यांच्या थरांमध्यें कोंडलेल्या स्थिर हवेंत असते. आंतल्या थरानें घाम टिपून बाहेर ढकलावा, मधल्यानें हवा धरून ठेवावी, बाहेरच्यानें वारा व पाऊस अडवावा. सूत घाम पितें आणि धरून बसतें. पाणी तर हवेपेक्षां सुमारें २५ पट अधिक उष्णता वाहून नेतें. धड गारठलें, कीं शरीर हातापायांचें रक्त आंखडतें. म्हणून नुसत्या हातमोज्यांनीं बोटें वांचत नाहींत. थर घट्टहि नसावेत. दोन पायमोजे कोंबून जोडा आंवळला, तर पाय अधिकच गारठतो. आणि चढावर, घाम येण्यापूर्वींच, एखादा थर उतरावा.

परत येतांना मी भाच्याच्याच बनियनवर होतों. घरीं सौभाग्यवतींनीं विचारलें, "स्वेटर उपयोगी पडला का?" मीं म्हटलें, "फार पडला." बंडीची हकीकत सांगण्यास मात्र मला दिवाळी उजाडावी लागली. आईनें ती ऐकून एवढेंच विचारलें, "भाच्यानें सांगितलें होतें ना?"