विषाला विवेक

कित्येक सापांचं विष पिवळं असतं. हा रंग ब-२ जीवनसत्त्वाचा. दूध नासल्यावर निवळीला जी हिरवट-पिवळी झाक येते, तीही त्याचीच. वाटीत पोषण, दातात मरण आणि रंगाने दोघं सख्खे! हे कळल्यापासून नागपंचमीच्या दुधाकडे मी जरा वेगळ्याच नजरेने पाहतो.

विषात हे जीवनसत्त्व एका विकराच्या कुशीत बसलेलं असतं. एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेज हे त्याचं लांबलचक नाव. ते अमिनो आम्लांवर काम करताना हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं, आणि त्या दाहात प्रयोगशाळेतल्या कर्कपेशी मरतात. वाचून मन उसळी घेतं. पण काचेच्या बशीत पेशी मारणं सोपं. तिथे विस्तवही औषध ठरेल. देहात शेजारीच निरोगी पेशी नांदत असतात. शिवाय कर्करोग कुठून बाहेरून आलेला नाही, घरातलंच पोर मोकाट सुटलेलं. त्याला गर्दीतून नेमकं हुडकायचं कसं?

नागाच्या विषावर उतारा देणाऱ्या प्रतिविषाचे एक जनक आल्बेर काल्मेत यांनी १९३३ मध्ये तेच विष उंदरांच्या गाठींवर वापरून पाहिलं. त्यातून औषध काही हाती आलं नाही. गंमत अशी, की त्यांचीच क्षयावरची बीसीजी लस, म्हणजे मारक शक्ती काढून घेतलेला जंतू, आज मूत्राशयाच्या कर्करोगावर दिली जाते.

मारकपण काढून घ्यायचं आणि कामाचं तेवढं ठेवायचं. आपल्या कोकणातल्या कातळावरचं फुरसं याला साक्षी आहे. हातभर लांबीचा हा साप चावला की रक्त गोठेनासं होतं. त्याच्या विषातल्या एका छोट्या प्रथिनात तीन अमिनो आम्लांची एक जोडणी असते. ती रक्तातल्या बिंबिकांना चिकटून त्यांना एकमेकींना धरू देत नाही. या जोडणीची नक्कल करून टिरोफिबान हे हृदयरुग्णांचं औषध घडवलं गेलं, १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

कर्कपेशीही अशाच पकडींच्या आधारे सरकतात, नवी ठाणी वसवतात. अमेरिकेतल्या कॉपरहेड सापाच्या विषातलं याच कुळातलं प्रथिन दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात उंदरांना दिलं, तेव्हा स्तनाच्या कर्करोगाची वाढ मंदावली. ठार मारण्यापेक्षा हात सोडवण्याची ही रीत मला अधिक मोहवते.

उंदरापासून माणसापर्यंतची वाट मात्र लांब. सर्पविषातून आलेलं कर्करोगावरचं मान्यताप्राप्त औषध आज तरी नाही. कुणी विषाचे थेंब विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावं. विषाचं बळ कोट्यवधी वर्षांचं आहे. त्याला विवेक द्यायचं काम माणसाने अंगावर घेतलं, त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.