‘पर्यंत’

मराठी व्याकरणांत शब्दयोगी अव्ययाचा मान फारसा मोठा नाहीं. नाम, सर्वनाम, क्रियापद हीं घरचीं कर्तीं माणसें; शब्दयोगी अव्यय म्हणजे त्यांच्या मागून पिशवी घेऊन चालणारें पोर. तरीहि कित्येक व्यवहारांची खरी मेख या पोराच्याच पिशवींत असते. कापडाच्या दुकानावर ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ अशी पाटी लागते, तेव्हां गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत ५० भरतात आणि दुकानदाराचें सारें कल्याण ‘पर्यंत’ या शब्दांत सांठविलेलें असतें. याच शब्दाचें आणखी एक रूप आम्हांला गेल्या उन्हाळ्यांत संगणकाच्या खोक्यावर भेटलें.

खोकें आमच्या एका विद्यार्थ्याचें. हा भंडारा जिल्ह्यांतील शेतकऱ्याचा मुलगा. धानाच्या रोवणीच्या वेळीं बाया जीं गाणीं म्हणतात, तीं त्यानें झाडीबोलींत ध्वनिमुद्रित करून आणलीं होतीं. त्यांत मिसळलेले पंख्याचे, मोटारींचे, कुत्र्यांचे आवाज यंत्राकडून गाळून घ्यावयाचे होते, आणि प्रबंधाची मुदत जूनच्या आरंभीं संपत होती. गाणाऱ्यांपैकीं दोघी मधल्या काळांत वारल्या; त्यांतील एक त्याची आजी. वडिलांनीं धान विकून आलेल्या पैशांतून त्याला नवा लॅपटॉप घेऊन दिला. खोक्यावर छापलें होतें, ‘४.२ गिगाहर्ट्झपर्यंत’, म्हणजे सेकंदास चारशें वीस कोटी ठोके! काम सुरू केल्यावर पहिलें अर्धें मिनिट यंत्र मोठ्या तडफेनें धांवलें. मग त्याचा वेग पायरीपायरीनें उतरला आणि २.४ च्या आसपास येऊन बसला. “सर, दुकानदारानं फसवलं,” असें म्हणत तो आमच्याकडे आला. आम्ही पडलों इंग्रजीचे अध्यापक. परंतु एका शेतकऱ्याचे पैसे बुडाले कीं नाहीं याचा निर्णय करावयाचा होता. म्हणून आम्ही नेटानें या विषयाचें वाचन आरंभिलें.

प्रोसेसर म्हणजे ठोक्याठोक्यानें काम करणारा कारकून. त्याचें मूळ घड्याळ आजच्या बहुतेक यंत्रांत सेकंदास दहा कोटी ठोके देतें, आणि त्यास एका आंकड्यानें गुणून प्रत्यक्ष वेग ठरतो. २४ नें गुणिलें कीं २.४ गिगाहर्ट्झ, ४२ नें गुणिलें कीं ४.२. हा गुणक बदलण्यास कोणी माणूस लागत नाहीं. प्रोसेसरच्या पोटांतच एक चिमुकला नियंत्रक बसविलेला असतो, तो एका सेकंदांत अनेक वेळां हा फेरफार करतो. इंटेल कंपनीनें नोव्हेंबर २००८ मध्यें ही युक्ति ‘टर्बो बूस्ट’ या नांवानें आपल्या ‘कोअर आय सेव्हन’ प्रोसेसरांत आणली. त्यांतील एकट्या नियंत्रकांत दहा लाखांच्या वर ट्रांझिस्टर होते. १९८९ सालचा ४८६ हा अख्खा प्रोसेसर जवळजवळ तेवढ्यांतच बसत असे. २०१० मध्यें एएमडीनेंहि ‘टर्बो कोअर’ नांवानें तोच मार्ग धरला.

हा नियंत्रक म्हणजे एकत्र कुटुंबांतील हिशेबी कारभारीच. घरांत उष्णतामान किती, विजेचा खर्च किती, प्रवाह किती आणि भावंडांपैकीं जागें कोण, हें तो सतत पाहत असतो. आजच्या प्रोसेसरांत चार, आठ किंवा त्याहून अधिक गाभे असतात. काम एकट्याचेंच असेल तर बाकीचे निजतात, आणि त्यांच्या वांट्याची वीज त्या एकाला मिळून तो वेगानें धांवतो. सगळेच उठून कामाला लागले कीं प्रत्येकाचा वांटा आटोपशीर होतो. खोक्यावरील मोठा आंकडा बहुधा एकदोघांच्या धांवेचा असतो, सर्वांच्या मिळून चालण्याचा नव्हे.

दुसरा हिशेब वेळेचा. आमच्या महालांतील जाड भिंतींच्या जुन्या घरांत मे महिन्यांतहि सकाळचे कांहीं तास गारवा टिकतो, कारण बाहेरची आंच आधीं भिंत पिऊन घेते. प्रोसेसरच्या अंगाशीं लागून असलेलें तांबें व ॲल्युमिनियम हीच त्याची भिंत. ती थंड आहे तोंवर नियंत्रक नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षां अधिक वीज उसनी घेऊं देतो. पुष्कळ यंत्रांत हा जमाखर्च सुमारें २८ सेकंदांच्या सरासरीनें मांडतात. भिंत तापली कीं उसनवारी बंद. विद्यार्थ्याचें तें पहिलें अर्धें मिनिट या उसन्या गारव्यावर चाललें होतें.

मग वेग नेहमींच चढा कां ठेवीत नाहींत? कारण त्याची किंमत भारी आहे. वेग वाढवावयाचा तर विजेचा दाबहि वाढवावा लागतो, आणि वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत खर्च होते. वेग व दाब दोन्ही २० टक्क्यांनीं चढविले तर खर्च सुमारें ७३ टक्क्यांनीं चढतो, आणि त्या साऱ्या विजेची अखेर उष्णताच होते. पूर्वीं ट्रांझिस्टर लहान होत गेले तसा त्यांस लागणारा दाबहि उतरत गेला, म्हणून वेग वर्षानुवर्षें वाढत राहिला. २००४ च्या सुमारास ही सोय संपत आली. त्या वर्षीं ऑक्टोबरमध्यें इंटेलनें ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काढण्याचा बेतच सोडून दिला. पुढें एका गाभ्याला पळविण्याऐवजीं अनेक गाभे जोडण्याकडे सर्वांचा कल झाला. अनेकांना एकत्र जुंपण्याची ही वाट आपल्याकडे निराळ्या कारणानें आधींच चोखाळली गेली होती. परदेशांतून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हां अकोला जिल्ह्यांत जन्मलेले आणि आमच्या नागपुरांत अभियांत्रिकी शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ मध्यें ६४ प्रोसेसर जोडून ‘परम ८०००’ उभा केला.

इतकें वाचल्यावर आम्हांला आमचें गांवच या प्रकरणांत एक पक्षकार आहे असें दिसूं लागलें. लॅपटॉपचा प्रोसेसर सुमारें १०० अंशांपर्यंत तापूं देतात. बाहेरची हवा २० अंशांची असेल तर दोहोंत ८० अंशांचें अंतर पडतें. ४५ अंशांची असेल तर अवघें ५५. उष्णता बाहेर पडते ती या अंतराच्या बळावर. म्हणजे नवतपाच्या दुपारीं तोच पंखा सुमारें तीस टक्के कमी उष्णता बाहेर टाकणार. ज्या नागपुरानें २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंश सोसले, तेथें यंत्रानें थंड देशांतल्यासारखें धांवावें, ही अपेक्षा जरा अधिकच म्हणावी लागेल.

तेव्हां दुकानदारानें फसविलें नव्हतें. निर्मात्याची हमी २.४ ची होती. ती बारीक अक्षरांत होती, पण होती. त्यावरचें सारें परिस्थितीच्या मेहेरबानीवर. आम्हीं विद्यार्थ्याला लॅपटॉप गादीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवण्यास सांगितलें. त्यानें पंख्याची धूळ झाडून घेतली, आणि दुपारचें काम रात्रीं अकरापासून पहाटे पांचपर्यंत नेलें. वेग ४.२ झाला नाहीं. पण ३ च्या जवळ टिकून राहिला, आणि प्रबंध मुदतींत गेला.

आमच्या धंद्यांत मात्र असा नियंत्रक कोणी बसवीत नाहीं. एखाद्या चाचणींत मुलानें मिळविलेले ९६ गुण हाच त्याचा नेहमींचा वेग असें धरून, शिकवणीच्या वर्गांतून त्याला वर्षभर त्याच गुणकावर चालविणारे पालक आम्ही रोज पाहतों. पोर संथ झालें कीं तें आळशी ठरतें. तें तापलें आहे काय, हें कोणी हात लावून पाहत नाहीं.

जूनमध्यें विद्यार्थ्याचे वडील नागपुरास आले, तेव्हां आम्हीं त्यांना हें सारें प्रकरण समजावून सांगितलें. पैसे वायां गेले नाहींत एवढें कळल्यावर ते म्हणाले, “बैल बी चढावर जोर मारते, सर. दिवसभर थोडीच मारते!” मग मुलानें त्यांच्या आईचें गाणें लावलें. तें संपेपर्यंत ते मान खालीं घालून बसले होते. गाणें ऐकविण्यास यंत्राला फारसा वेग लागत नाहीं. त्याचा पंखा तेवढा वेळ बंदच होता.