वारीला उद्यापन नसते



गादीवर उभे राहून पन्नास वर्षे मी तुम्हाला संयम सांगितला. इंद्रिये आवरा, जिभेला लगाम घाला, हे सांगताना माझा आवाज चांगला चढत असे. त्यातली कितीतरी वर्षे माझे स्वतःचे वजन नव्वदीच्या पुढे होते, हे मात्र मी कधी सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. समोर बसलेल्यांना ते दिसतच होते. आज वयाच्या 74 व्या वर्षी कीर्तन थांबले आहे, तेव्हा राहून गेलेले ते निरूपण लिहून काढतो. विषय लौकिक आहे, शरीराचा आहे. पण तो तुमच्याही घरात रोज पानावर येऊन बसतो, म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

वयाच्या सतराव्या वर्षी मी आळंदीला शिकायला आलो. जोग महाराजांनी 1917 साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली. तेव्हा आम्ही मुले माधुकरी मागून आणत असू. कुणी अर्धी भाकरी वाढी, कुणी मूठभर भात, कुणी पळीभर आमटी. झोळीत येईल तेच अन्न आणि तेवढेच अन्न. मापाची काळजी झोळीच घेत होती. शिक्षण संपले तेव्हा माझे वजन 54 किलो होते. त्यात माझा काही पराक्रम नव्हता, हे कळायला मला पुढची चाळीस वर्षे लागली.

मग कीर्तनाच्या तारखा येऊ लागल्या. सप्ताहातले कीर्तन रात्री नऊ ते अकरा. भरल्या पोटी श्वास पुरत नाही, चाल म्हणता येत नाही, म्हणून कीर्तनकार आधी जेवत नाही. सेवा झाली, आरती झाली, लोक पाया पडून गेले की साडेअकरा-बाराला पान मांडले जाते. दिवसभराची भूक आणि समोर पुरणपोळी, नाहीतर बुंदी, वर तुपाची धार. वाढणारा म्हणतो, "महाराज, आमच्या गावातून उपाशी जाऊ नका." पान टाकायचे नाही, वाढणाऱ्याला दुखवायचे नाही, हे दोन्ही संस्कार अंगात मुरलेले. जेवून तसेच आडवे व्हायचे आणि पहाटेची एस.टी. धरून पुढचे गाव गाठायचे. तिथे उतरल्यापासून ज्या घरी पाय लावायचा त्या घरी चहा. एकदा मी मोजले तर दिवसाचे बारा कप झाले होते. कपाला दोन चमचे साखर धरली तरी 24 चमचे, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर मी नुसती पिऊन टाकत होतो. चैत्र-वैशाखात महिन्याला पंचवीस सेवा होत. सकाळी एका गावी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद, रात्री दुसऱ्या गावी कीर्तन आणि पुन्हा पंगत. लोक कौतुकाने म्हणत, "महाराजांची तब्येत सुधारली." त्या सुधारणेचे ओझे गुडघ्यांना कळत होते.

मी काही केले नाही असे नाही. 1995 च्या चातुर्मासात मी गोड आणि तळलेले सोडले. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कटाक्षाने पाळले आणि नऊ किलो उतरलो. कार्तिकी द्वादशीला पारणे फेडले. महाराजांचे व्रत सुटले ही बातमी गावोगाव माझ्या आधी पोहोचत होती. माघवारीपर्यंत नऊ किलो परत आले, वर दोन अधिक आले. पुढे एकदा सहा महिने रात्रीचे जेवण सोडले. एकदा नुसत्या फळांवर राहिलो. दरसाल पायी वारीत तीन-चार किलो उतरत आणि श्रावणातल्या सप्ताहांत भरून येत. आमच्या घरच्यांनी एकदा हिशेब मांडला. म्हणाल्या, "अहो, तुमचं वजन माहेरी गेल्यासारखं जातं, नि येताना कडेवर एक घेऊनच येतं."

मी हसलो. पण माउली, मनात लाज होती. एकदा न उतरलेला माणूस निदान निवांत असतो. उतरून पुन्हा चढलेल्याला वाटते, आपल्यात काहीच दम नाही, आपले सांगणे खोटे, आपली माळ खोटी. मग तो रागाने आणखी कडक व्रत धरतो किंवा "आता जाऊ दे" म्हणून दोन पोळ्या जास्त खातो. मी दोन्ही केले आहे.

साठाव्या वर्षी ज्ञानोबारायांच्या सोहळ्यात दिवे घाट चढताना माझा उजवा गुडघा धरला गेला. पुणे ते सासवड हा तिशेक किलोमीटरचा मोठा टप्पा, त्यात एकादशी. घाटाच्या मध्यावर मी खाली बसलो. दिंडीतल्या मुलांनी मला उचलून सामानाच्या ट्रकमध्ये बसवले. पातेली, तंबूच्या राहुट्या आणि मी. खालून पखवाजाचा आवाज येत होता, पताका वळणावळणाने वर येत होत्या, आणि मी 96 किलोचा कीर्तनकार गाडीत बसून पुढे चाललो होतो. त्या दिवशी मी रडलो.

दुसऱ्या दिवशी द्वादशीच्या पंगतीत माझ्या शेजारी आमचे विणेकरी बाबा बसले होते. वय ऐंशीच्या घरात, अंगकाठी सडसडीत, आदला घाट वीणा घेऊन चढलेले. वाढपी दुसऱ्यांदा आला तेव्हा बाबांनी पानावर हात आडवा धरला नाही, वादही घातला नाही. त्यांनी वाढप्याला दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "माउली, तृप्त झालो." वाढपी उलट त्यांच्याच पाया पडला आणि पुढे सरकला. माझ्याकडे आला तेव्हा मी "नको, नको" म्हणत दोन पोळ्या घेतल्या.

मी विचारले, "बाबा, हे कसलं व्रत? कधी सुटणार?"

बाबा म्हणाले, "व्रत न्हाई महाराज, नेम हाय. वारी सुटती का कवा?"

इतके ग्रंथ वाचले, नित्य आणि नैमित्तिक कर्मांचा भेद विद्यार्थ्यांना शिकवला, पण तो माझ्या ताटापर्यंत कधी आला नव्हता. निमित्ताने करायचे ते नैमित्तिक, रोज करायचे ते नित्य. व्रताला संकल्प असतो, मुदत असते आणि शेवटी उद्यापन असते. उद्यापनाला जेवण असते! मी वजनाची व्रते केली, म्हणून प्रत्येक वेळी त्यांचे उद्यापनही झाले. वारीला मात्र उद्यापन नसते. अमुक इतक्या वाऱ्या झाल्या, आता पुरे, असे वारकरी म्हणत नाही. पाय थकले तर मुलगा चालतो.

वारीहून परतल्यावर तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्तातली साखरही वाढलेली निघाली. त्यांनी एक गोष्ट समजावली, ती तुम्हीही ऐका. झपाट्याने वजन उतरते तेव्हा शरीराला वाटते की दुष्काळ पडला. ते खर्च कमी करते आणि भूक वाढवते. शिवाय उपासाने नुसती चरबी जात नाही, मांसही जाते, आणि वजन परत येते ते बहुतेक चरबीचे येते. म्हणून दर खेपेला उतरणे अवघड होते. म्हणजे जे मी केवळ मनाचा दुबळेपणा समजत होतो, त्यात शरीराचाही धर्म होता. हे ऐकून माझी निम्मी लाज गेली. उरलेली निम्मी कामाला लावली.

मग नेम ठरवला, आणि तो मुद्दाम लहान ठरवला. कारण गर्दीच्या दिवसात जो पाळता येत नाही तो नेम माझ्या उपयोगाचा नव्हता. तारीख देतानाच यजमानांना सांगू लागलो की माझे जेवण संध्याकाळी सहाला, भाकरी, भाजी आणि मुगाचे वरण, पोटाला तड लागणार नाही एवढे. कीर्तनानंतर कपभर दूध, बिनसाखरेचे. चहा दिवसातून दोनदा, तोही बिनसाखरेचा. बाकीच्या घरी पाणी मागून घ्यायचे. गावात पोचलो की आधी चालत देवळात जायचे, मग बैठक. आणि पंगतीत बाबांचा नमस्कार. पहिल्या वर्षी काही यजमान रुसले. पुढे तेच सांगू लागले, "महाराजांचं सहाला असतं."

इथे कुणी पूर्वपक्ष करील की प्रसादाला नाही कसे म्हणावे? माउली, प्रसाद कणभर घेतला तरी तो पुरा प्रसाद असतो. काल्यातली एक लाही तळहातावर पडली तरी आपण धन्य होतो. चौथी पोळी मागते ती जीभ, आणि देवाचे नाव पुढे करते. अन्न पूर्णब्रह्म आहे, म्हणूनच ते ताटात टाकू नये. आणि नको असताना पोटात टाकणे हेही टाकणेच आहे. पाहा ना, आपण एकादशी करतो आणि साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे यांनी दुप्पट खाशी करतो. मीही केले. ज्यांना साखरेची औषधे चालू आहेत त्यांनी तर उपवास कसा करावा हे आधी डॉक्टरांना विचारावे. एकदा निर्जळ राहून वर गोळी घेतल्याने मला भोवळ आली होती. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अति खाणाऱ्याला योग नाही म्हणतात, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही म्हणतात. ज्ञानोबारायांनी तिथे आहाराबरोबर बोलणे, चालणे, झोप यांनाही माप लावले आहे. मी त्यावर कितीदा प्रवचन केले असेल! पण माझा सगळा जन्म या दोन टोकांमध्येच गेला होता.

वजन तीन वर्षांत 80 वर आले. मात्र ते तिथेच राहिले असे समजू नका. नातीच्या लग्नात तीन किलो वाढले. गुडघ्याच्या दुखण्याने दोन महिने अंथरुणावर होतो तेव्हा पाच वाढले. फरक इतकाच की आता मी नवे व्रत धरत नाही. नामस्मरणात मन पळते तेव्हा आपण काय करतो? माळ फेकून देत नाही. पुढचा मणी धरतो. तसेच, रात्री पंगतीत चुकलो तर सकाळी पुन्हा तोच नेम. वजन एकादशीच्या सकाळीच पाहतो, रोज पाहत नाही. आज 81 आहे.

तरीही एक गोष्ट परत आली नाही. गुडघे झिजले ते झिजलेच. वारकरी कीर्तन उभ्याने करायचे असते. आमचा देव विटेवर उभा, त्याच्या दारात त्याच्या दासाने उभे राहायचे. तीन वर्षांपूर्वी कीर्तनाच्या मध्यात पाय लटपटले, टाळकऱ्यांनी सावरले, आणि त्या रात्री मी तारखांची वही मिटली. आता बसून प्रवचन करतो. लोक प्रेमाने ऐकतात. पण रात्री कुठल्या गावातून पखवाजाचा आवाज आला की पायांत काहीतरी हलते. बाबांची पंगत मला तिशीत मिळाली असती तर, असे वाटते. म्हणून तरुण कीर्तनकारांना हात जोडून सांगतो, तारीख घेताना जेवणाची वेळही ठरवून घ्या. तुम्हाला अजून पुष्कळ उभे राहायचे आहे.

आणि घरातल्या माय-माउलींनो, तुम्ही सगळ्यांच्या नंतर बसता आणि वाया जाऊ नये म्हणून पातेल्यातले उरलेले संपवता. दिवसभर राबून तुमचे वजन का वाढते, हे कुणी विचारत नाही, नुसते हसतात. मूठभर पीठ कमी भिजवा आणि सगळ्यांबरोबर पानावर बसा. हाही नेमच आहे. आणि दुसऱ्याच्या शरीराला कुणी हसू नये. तो किती वेळा उतरून पुन्हा चढला आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

पंढरीला गेलेला प्रत्येक वारकरी परत संसारात येतो. त्याची वारी फुकट गेली असे कुणी म्हणत नाही, कारण तो पुढच्या वर्षी पुन्हा निघणार असतो. तुमचे वजन परत आले असेल, तर आज संध्याकाळच्या पानापासून पुन्हा निघा. मीही निघालो आहे.

रामकृष्णहरी.