झाडूचे सुवर्णपदक

वैशाखात आमच्या अकोल्याचा पारा पंचेचाळीस ओलांडतो. इथे बर्फाशी संबंध गोळ्यापुरता. त्यामुळे बर्फावरून वीस किलोचा दगड सोडायचा आणि दोघांनी त्याच्यापुढे पळत झाडू मारायचा, असा कर्लिंग नावाचा खेळ आहे म्हटल्यावर शेजारच्या काकू उखडल्या, "झाडू मारून मेडल भेटते? मले तर तीस वर्सांत कोनं काई देल्लं नाई बाप्पा!"

पण हा झाडू कचऱ्यासाठी नव्हे. घासल्याने बर्फ किंचित तापतो, दगड लांब आणि सरळ जातो. अमेरिकेच्या जॉन शुस्टरने यातच उमर घातली. २००६ ला ऑलिंपिकचे ब्राँझ; २०१० ला संघ शेवटचा, २०१४ ला शेवटून दुसरा. मग निवडणाऱ्यांनी त्याला वगळलेच! पठ्ठ्याने वगळलेले गडी जमवले आणि २०१८ ला स्वीडनला १०-७ हरवून सोने आणले. समारंभात मात्र चुकून हाती पडली बायकांच्या गटाची पदके. काकू प्रथमच खूश झाल्या.

हसावे तरी कुणाला? १९३६ साली आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली. दम कोंडून पुटपुटत धावणारा गडी पाहून जर्मन लोकांना काय वाटले असेल! कर्लिंगही १९३२ ला असेच नुसते दाखवण्यापुरते होते. पंगतीत कायमचे पान मिळाले ते १९९८ ला. आपली कबड्डी अजून दारातच उभी आहे.

असू दे. दम तेवढा सोडायचा नाही.