जिज्ञासा कोणाची, चौकशी कोणाची?

कुतूहल, चौकशी, जिज्ञासा हे शब्द जवळचे वाटतात. पण व्यवहारात त्यांच्यामध्ये जात उभी असते. भाड्याने खोली पाहायला गेलो की आम्हाला विचारतात, "आडनाव काय? मूळ गाव कोणते?" विचारणारा म्हणतो, सहज विचारले. परंतु उत्तर ऐकून खोली "कालच गेली" असे सांगितले जाते, तेव्हा ती सरळसरळ जातीची झडती असते.

जिज्ञासा म्हणजे जाणून घेण्याची इच्छा. ब्रह्मसूत्रांची सुरुवातच ब्रह्मजिज्ञासेने होते आणि त्याच ग्रंथात पुढे शूद्राला वेद ऐकण्याचा, शिकण्याचा अधिकार नाकारला जातो. वरच्यांनी विचारले तर जिज्ञासा, आम्ही विचारले तर आगाऊपणा! तरीही १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने 'ज्ञानोदय'मधील निबंधात विचारलेच की, वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता?

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. संविधानाच्या कलम ५१-क नेही शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे.

मग आपल्याच घरात, विहारात मुलांनी "हे असे का?" विचारले की आपण त्यांना गप्प का बसवतो? वंदनेचा अर्थ त्यांना विचारू द्या. बाबासाहेबांचा एखादा विचार पटला नाही, तर तेही बोलू द्या. प्रश्न विचारण्याचा हक्क आपण फार झगडून मिळवला आहे. तो आपल्याच हातांनी काढून घेऊ नये.

जय भीम!