‘ओसाड’ या शब्दाविषयी

आंबोलीच्या जांभ्या सड्याला आम्ही वर्गात वर्षानुवर्षे ‘ओसाड’ म्हणत आलो. मृगाच्या पावसात तिथे उभे राहिलो, तेव्हा त्या विशेषणाची लाज वाटली. कातळावरच्या बोटभर पाण्यात आंबोली भेकांच्या जोड्या अंडी घालत होत्या. एरवी लगतच्या जंगलात राहणारी, अतिसंकटग्रस्त ठरलेली ही जात २००९ साली विज्ञानाला कळली. अंगावरच्या पिवळ्या पट्ट्यांमुळे तिच्या शास्त्रीय नावात वाघ आला. विणीला मात्र तिला असा उघडा कातळच लागतो. पावसाने दडी मारली तर डबके आटते आणि पिल्ले संपतात. त्याला इलाज नाही. पण ‘ओसाड’ म्हटले की जमीन सहज खणली जाते, बांधली जाते. आणि तो शब्द आम्हीच शिकवलेला असतो.