सैल सोडण्याची तालीम

शौचाला बसल्यावर जोर करावा लागतो, हा समज इतका पक्का आहे की जुन्या बद्धकोष्ठाचा रुग्ण बायोफीडबॅकच्या उपचारकाकडे पोहोचतो तेव्हा त्याचे एरंडेल, त्रिफळा, इसबगोल सारे करून झालेले असते आणि कुंथण्याची सवय मात्र अंगात मुरलेली असते. वास्तविक या क्रियेत जोरापेक्षा सैल सोडण्याला अधिक महत्त्व आहे. गुदमार्गाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरणारा प्युबोरेक्टॅलिस हा स्नायू एरवी त्या मार्गाला बाक देऊन मल रोखतो. शौचाच्या वेळी तो सैलावतो, गुदद्वार मिटवून धरणारा बाह्य परिसंकोची स्नायूही ढिला पडतो, आणि मग पोटाचा माफक दाब पुरतो. काही रुग्णांत कुंथताना हेच स्नायू उलट आवळले जातात. याला विसंवादी मलविसर्जन म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी बहुधा रचनेतला दोष नसून नकळत जडलेली सवय असते, म्हणूनच ती मोडता येते.

मोडायची कशी, हा खरा कौशल्याचा भाग. दाब मोजणारी, टोकाला लहानसा फुगा असलेली बारीक नळी गुदाशयात ठेवली जाते आणि पडद्यावर दोन रेषा उमटतात, एक गुदाशयातल्या दाबाची, दुसरी गुदद्वाराच्या दाबाची; शरीरातली क्रिया अशी डोळ्यांसमोर दाखवून ती सुधारायला शिकवणे म्हणजेच बायोफीडबॅक. जोर करताना पहिली चढावी आणि दुसरी उतरावी, पण या रुग्णांच्या दोन्ही रेषा एकदमच चढतात. अशा वेळी नुसते ‘सैल सोडा’ म्हणून काही होत नाही, कारण ज्या स्नायूची ओळखच नाही तो हुकुमावर सोडणार कोण? म्हणून जाणता उपचारक आधी तो पूर्ण आवळायला लावतो, मग सोडायला, आणि या दोहोंतला फरक रुग्णाला आतून कळेपर्यंत घाई करत नाही. त्यानंतर छातीत श्वास कोंडण्याऐवजी पोट फुगवून खाली दाब देणे शिकवले जाते, आणि 50 मिलीलिटर पाण्याने भरलेला फुगा बाहेर टाकण्याचा सराव होतो, जे निरोगी माणसाला सहसा मिनिटाभरात जमते. शेवटच्या बैठकांत पडदा रुग्णाच्या नजरेआड करावा लागतो; जो उपचारक हे टाळतो त्याने रेषा सुधारली, रुग्ण नव्हे.

मलावरचा ताबा सुटलेल्यांच्या बाबतीत शिकवण नेमकी उलट असते. एंगेल, निकूमनेश आणि शूस्टर यांनी 1974 साली अमेरिकेत सहा रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात गुदाशय फुगताच बाह्य स्नायू वेळेवर आवळायला शिकवले होते आणि चौघांचा त्रास पूर्ण थांबला होता. फुग्यातली हवा टप्प्याटप्प्याने कमी करत थोड्याशा भरण्याचीही जाणीव व्हावी, अशी संवेदनेची तालीमही यात असते. मात्र लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील 171 रुग्णांच्या अभ्यासात, जो 2003 साली प्रसिद्ध झाला, यंत्र वापरलेल्या गटांना केवळ नीट सल्ला मिळालेल्या गटाहून अधिक लाभ झाला नाही. हा निष्कर्ष यंत्राच्या अभिमान्यांना बोचणारा असला तरी लाजेने वर्षानुवर्षे दडवलेली तक्रार कोणीतरी शांतपणे ऐकून घेण्याचे मोल तो दाखवून देतो. विसंवादी मलविसर्जनात चित्र वेगळे आहे: 2006 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात सहा महिन्यांनंतर बायोफीडबॅक घेतलेल्यांपैकी सुमारे 80 टक्क्यांना ठळक आराम होता, तर रेचक घेणाऱ्यांत हे प्रमाण 22 टक्के होते.

बैठका मोजक्याच, साधारणपणे चार ते सहा असतात, त्यामुळे उरलेले शिक्षण घरच्या संडासातच व्हायचे असते. न्याहारीनंतर आतड्यांची हालचाल वाढते ती वेळ साधावी, कमोड असेल तर पायांखाली पाट घेऊन गुडघे कमरेच्या वर आणावेत, म्हणजे उकिडव्या बसण्याचा लाभ मिळतो, पाच मिनिटांत न झाल्यास कुढत न बसता उठावे, आणि मोबाइल बाहेरच ठेवावा, एवढे पथ्य रुग्णाला पुन्हापुन्हा सांगावे लागते.